भालेरावांची बिनशर्त माफी

‘उस्ताजा, मला माझ्या अकरा माणसांना माफी द्यायचीय.’

‘कशाबद्दल?’

‘ते अजून ठरलेलं नाही,’ बू फहद म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

बू फहद म्हणजे आमचे जनरल मॅनेजर. बू फहद याचा अर्थ फहदचे वडील; कुवेतमध्ये माणसाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि त्यांची देखभाल करते. ऑफिस बनेद अल-गारला सातव्या मजल्यावर आहे आणि आमची स्वतःची लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद पडते. मी तिथली इन-हाउस लीगल. पुण्यात वकिली शिकले, काही वर्षं केलीही. इथल्या कोर्टात आम्हा परदेशी वकिलांना उभं राहता येत नाही, त्यामुळे मी बसून असते. करार वाचते, नोटिसांना उत्तरं देते आणि कुणी मूर्खपणा करणार असेल तर ‘असं करू नये’ असं लेखी कळवते. तो मूर्खपणा बहुतेक वेळा पुढे होतोच, पण माझा ईमेल फायलीला राहतो. माझं नाव वैजयंती. ते इथे कुणाच्या जिभेला झेपत नाही म्हणून ‘उस्ताजा’. वकीलबाई किंवा मास्तरीणबाई, काहीही समजा. आणि ऑफिसात आम्ही इंग्रजीत बोलतो, वरून अरबीची फोडणी. इथे सगळं मराठीत लिहितेय.

जानेवारी महिना होता. टीव्हीवर अमेरिकेचे मावळते अध्यक्ष खुर्ची सोडता सोडता माफ्या वाटत होते. यादीत त्यांच्या घरची माणसं होती, काही सरकारी अधिकारी होते. यांतल्या बऱ्याच जणांवर खटलाच काय, साधा आरोपही नव्हता. नवे अध्यक्ष आले की सूड म्हणून यांच्यामागे लागतील, म्हणून आधीच छत्री उघडून ठेवलेली.

बू फहद अमेरिकेत शिकलेले. तिथून त्यांनी इंजिनिअरिंगची पदवी आणली आणि तिथल्या बातम्या दिवसभर बघायची खोडही आणली. शिवाय ते स्वतःही मावळतीला लागले होते. कंपनी घरची, वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं की पुढच्या महिन्यापासून त्यांच्या बहिणीचे यजमान, डॉ. नासेर, कारभार बघतील. डॉ. नासेर एका बँकेत रिस्क डिपार्टमेंटला होते. रिस्क म्हणजे उद्या काय वाईट होऊ शकेल याची आज काळजी करणं. ते त्यांच्या चेहऱ्यावरच दिसायचं.

‘नासेर आला की माझ्या माणसांच्या फायली काढेल,’ बू फहद म्हणाले. ‘मी त्यांना असं उघड्यावर टाकून जाणार नाही. मला ते प्रीएम्प्टिव्ह पाहिजे.’

आता हे प्रीएम्प्टिव्ह पार्डन म्हणजे काय, ते मी त्यांना समजावलं तसंच तुम्हालाही सांगते. आपल्याकडे राष्ट्रपती माफी देतात ती शिक्षा झालेल्याला. आधी गुन्हा, मग खटला, मग शिक्षा, मग दया. रांगेत उभं राहावं लागतं. अमेरिकेत तसं नाही. गुन्हा घडून गेला असेल तर खटल्याची वाट न बघता अध्यक्ष माफी देऊ शकतात, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी म्हणून ठेवलंय. कोणता गुन्हा ते सांगायलाच हवं का, यावर मात्र वकिलांची अजून भांडणं चालतात. उद्या घडणाऱ्या गुन्ह्याची माफी आज देता येत नाही, एवढं नक्की. आणि माफी फक्त केंद्राच्या कायद्यातल्या गुन्ह्यांना लागू. राज्यांचे गुन्हे वेगळे.

‘आणखी एक खोच आहे,’ मी म्हटलं. ‘माफी घेणाऱ्याने ती स्वीकारावी लागते. आणि तिथल्या कोर्टाने एकदा म्हटलंय की माफीला आरोपाचा वास येतो, ती स्वीकारली की गुन्हा कबूल केल्यासारखं दिसतं. यावरही वाद आहे. पण लोकांना कोर्ट लागत नाही. लोक म्हणणार, काही केलं नसतं तर माफी कशाला घेतली असती?’

‘माझी माणसं प्रामाणिक आहेत.’

‘मग माफी कशाला?’

‘प्रामाणिक माणसालाच भीती वाटते, उस्ताजा. बाकीचे तयारीत असतात.’

मग त्यांनी हळूच विचारलं, स्वतःची माफी स्वतःलाच देता येते का? मी म्हटलं, तो प्रश्न अमेरिकेतही अजून कोर्टापर्यंत गेलेला नाही, तुम्ही पहिले होऊ नका. ते नाइलाजाने बरं म्हणाले.

अकरा नावांतली दहा त्यांच्या खास मर्जीतली होती. अकरावं नाव बघून मी चष्मा काढून पुसला. नितीन भालेराव.

भालेराव नाशिकचे. आमचे सर्वांत जुने सर्व्हिस इंजिनिअर. खैतानमध्ये बायको आणि बारावीतल्या मुलीबरोबर राहतात. माणूस इतका सरळ की रिकाम्या रस्त्यावरही इंडिकेटर देऊन वळतो. त्यांना एका पेट्रोकेमिकल कंपनीत चांगली नोकरी मिळाली होती आणि त्यांनी आमच्याकडे रीतसर राजीनामा दिला होता. ते कधीच कुणाच्या खास मर्जीत नव्हते. त्यांना कुणाची मर्जी ओळखताच येत नाही.

‘यांना कशाबद्दल?’

‘यानेच मागितलीय,’ बू फहद म्हणाले आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

भालेरावांनी सगळ्या स्टाफला निरोपाचा ईमेल पाठवला होता. कंपनीचे आभार, सहकाऱ्यांचे आभार, आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य. त्याचा मराठी अर्थ असा: ‘इतक्या वर्षांत माझ्या हातून कळत-नकळत काही चुकलं असेल तर कृपया मला माफ करावं.’

मी कपाळाला हात लावला. हे वाक्य आपण कुठे म्हणत नाही? मुलीचं लग्न लावून दमलेला बाप व्याह्यांपुढे म्हणतो. सूत्रसंचालन करणारी बाई कार्यक्रम संपवताना म्हणते. पूजेच्या शेवटी आपण देवालाही हेच सांगतो, आणि देव काही विचारत नाही की नेमकं काय चुकलं. पण हे इंग्रजीत लिहिलं की कबुलीजबाब होतो. त्यातून ‘कळत’ हा शब्द तर वकिलाला नुसता खुणावत असतो.

‘हे आमच्यात म्हणायची पद्धत आहे,’ मी म्हटलं. ‘यांनी काही केलेलं नाही.’

‘मग द्यायला काय हरकत आहे? माणूस तोंडाने मागतोय आणि मी नाही म्हणू? ऐब आहे ते.’ ऐब म्हणजे लाजिरवाणी गोष्ट. इथे एकदा ऐब म्हटलं की वाद संपतो.

मी नेहमीप्रमाणे ‘असं करू नये’ असा ईमेल पाठवला आणि मग मसुदा लिहायला बसले. कंपनीच्या कामात आजवर घडलेल्या सर्व चुकांबद्दल पूर्ण आणि बिनशर्त माफी. कंपनी कोणतीही शिस्तभंगाची कारवाई करणार नाही. बू फहदनी ती जाड कागदावर छापून घेतली, कडेने सोनेरी नक्षी. प्रत्येकाला केबिनमध्ये बोलावून, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजून, हातात दिली. पोच म्हणून कॉपीवर सही घेतली. भालेराव मराठी माणूस. त्यांनी नुसती सही केली नाही, वर लिहिलं: ‘साभार पोच’. इंग्रजीत, अर्थात.

त्यांना वाटलं होतं ते प्रशस्तिपत्रक आहे. सोनेरी नक्षी बघून कुणालाही वाटलं असतं. घरी जाऊन त्यांनी फोटो काढून आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कुणी वाचायच्या भानगडीत पडलं नाही. अभिनंदन भालेरावसाहेब, मराठी माणसाचा सन्मान, वगैरे. एका काकांनी पेढे कधी, असंही विचारलं.

ऑफिसात मात्र लोकांनी वाचलं. ज्यांना माफी मिळाली त्यांच्याकडे बाकीचे जिन्यात थांबून बघायला लागले. ज्यांना मिळाली नाही ते चिडले. आम्ही काय कमी इमानदारीने काम केलं, असं विचारत माझ्या दाराशी येऊ लागले. एक ड्रायव्हर आला, त्याला सिग्नल तोडल्याचा दंड झाला होता, तो यात बसतो का? मी म्हटलं, तो सरकारचा गुन्हा, कंपनीच्या माफीत येत नाही. तो म्हणाला, मग या माफीचा उपयोग काय? त्या दिवसात मला विचारलेला हा सर्वांत शहाणा प्रश्न. सेल्स मॅनेजरने दार लावून घेतलं आणि माफीची तारीख महिनाअखेरपर्यंत वाढवून मिळेल का, असं विचारलं. मी काही बोलले नाही. त्यालाही ते उत्तर पुरलं.

डॉ. नासेर महिना सुरू व्हायच्या आधीच येऊन बसले. रिस्कवाले वेळेआधीच येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर अकरा पोचपावत्या पत्त्यांसारख्या मांडल्या होत्या.

‘ही पत्रं मला बंधनकारक आहेत का?’

‘आहेत. कंपनीच्या वतीने दिलीत. तुम्ही शिक्षा करू शकत नाही.’

‘शोधू शकतो?’

खरं सांगायचं तर अमेरिकेतही हीच गोम आहे. माफी शिक्षा थांबवते, चौकशी थांबवत नाही. उलट माफी मिळालेल्याला गप्प बसायचा हक्कही फारसा उरत नाही; शिक्षेची भीतीच नाही तर सांगायला काय झालं?

‘शोधू शकता,’ मी म्हटलं.

‘मग यापासून सुरुवात करू.’ त्यांनी भालेरावांची पावती उचलली. ‘बाकी दहा जणांना दिली गेली. याने मागून घेतली. आणि आभारही मानलेत. उस्ताजा, निर्दोष माणूस आभार का मानेल?’

‘आम्ही सगळ्याचेच आभार मानतो, डॉक्टर.’

‘चौकशी संपेपर्यंत त्याचं रिलीज थांबवा.’

इथे थोडं समजावून सांगायला हवं. कुवेतमध्ये राहायचा परवाना म्हणजे इकामा हा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी बदलायची तर जुन्या कंपनीने सिस्टीमवर संमती द्यावी लागते, तिला सगळे रिलीज म्हणतात. भालेरावांच्या इकाम्याची मुदत फेब्रुवारीत संपत होती. नवी कंपनी थांबायला तयार होती, पण इकामा थांबत नाही. तो गेला की बायको-मुलीचाही जातो. आणि मुलीची, ऋचाची, बारावीची बोर्डाची परीक्षा त्याच महिन्यात, सेंटर कुवेतमधलीच शाळा. ऐन परीक्षेत तिघांना सामान बांधून नाशिकला जावं लागलं असतं आणि पोरीचं वर्ष गेलं असतं. एका शिष्टाचाराच्या वाक्यापायी. मला इतका संताप आला होता की कुणावर काढू ते कळेना.

मी कायदा पुढे केला. इथल्या कामगार कायद्याप्रमाणे माणसाला शिक्षा करण्याआधी त्याच्यावर काय आरोप आहे ते लेखी कळवावं लागतं. भालेरावांवर आरोप काय, ते द्या.

‘ते शिक्षा करायची असेल तर,’ डॉ. नासेर म्हणाले. ‘आपण शिक्षा करतच नाही. त्याला माफ केलंय.’

म्हणजे बघा. आरोप असता तर तो खोडता आला असता. माफी दिल्यामुळे आरोपाची गरज उरली नव्हती, आणि आरोप नसल्यामुळे सुटका नव्हती. वकिलीत मी पुष्कळ कोंडीतली प्रकरणं पाहिली होती, पण दयेने कोंडलेलं हे पहिलंच.

चौकशी समिती तिघांची. डॉ. नासेर अध्यक्ष, फायनान्सचे प्रमुख उस्ताज हानी सदस्य, आणि मिनिट्स लिहायला मी सचिव. हानी इजिप्तचे. मोठे गोड बोलणारे, आणि वारा येईल तशी पाठ फिरवणारे. आधी ते बू फहदच्या बाजूला बसायचे, आता डॉक्टरांच्या. खुर्ची तीच, फक्त टेबलाची बाजू बदलली.

भालेराव टाय लावून आले.

‘तुम्ही काय केलंत?’ डॉ. नासेरनी विचारलं.

‘काही नाही, सर.’

‘मग माफी का मागितलीत?’

‘तशी पद्धत आहे, सर. जाताना मागतात.’

‘काही न करता?’

‘हो सर. काही केलं असेल तर आधीच मागतो. जाताना मागतात ती न केलेल्याची.’

हानींनी डोळे मिटून मान हलवली, जणू काही फार खोल कबुली ऐकली. ‘डॉक्टर, हा माणूस म्हणतो की केलेल्याची माफी त्याने आधीच मागितलेली आहे. म्हणजे काहीतरी केलेलं आहे.’

‘नाही सर, म्हणजे ट्रेनिंगला उशीर झाला होता तेव्हा–’

मी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. भालेराव बिचारे थांबले आणि मला म्हणाले, ‘सॉरी मॅडम.’ हानींनी तेही लिहून घेतलं.

मग शोधाशोध सुरू झाली. जुने जॉबकार्ड, टूल्सचा हिशेब, पेट्रोल. काहीच निघेना. निघालं असतं तर बरं झालं असतं असं मलाच वाटायला लागलं. एवढंच मिळालं की एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, खैतानमध्ये त्यांच्याच बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये एक म्हातारे गृहस्थ अडकले होते आणि भालेरावांनी स्वतःचे पाने आणून त्यांना बाहेर काढलं होतं. ती लिफ्ट दुसऱ्या कंपनीची होती. प्रतिस्पर्धी कंपनीला मदत, असं डॉ. नासेरनी लिहायला सांगितलं, मग स्वतःच खोडायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. फक्त रिकामी जागा दिसली की तिथे धोका असणार, असं त्याला बँकेने शिकवलं होतं.

त्या संध्याकाळी मी भालेरावांच्या घरी गेले. खैतानमधली ती तिसऱ्या मजल्यावरची जागा, दारात चपलांचा ढीग, आत पोह्यांचा वास. ऑफिसात ते मला मॅडम म्हणतात, घरी ताई.

‘ताई, मी एक विचार केलाय,’ ते दबक्या आवाजात म्हणाले. ‘एखादा छोटा गुन्हा सुचवा.’

‘काय?’

‘छोटासा. त्यांना काहीतरी पाहिजेच आहे ना. मी कबूल करतो. माफी तर आधीच मिळालीय, शिक्षा होणार नाही. फाइल बंद, रिलीज मिळेल. मी आठवून बघितलं. ऋचा चौथीत असताना तिच्या पुस्तकांना कव्हर घालायला मी स्टोअरमधली चिकटपट्टी आणली होती. अख्खी नव्हती, उरलेली.’

‘भालेराव, पूर्ण आणि बिनशर्त माफी आहे ती, सोनेरी नक्षीची. चिकटपट्टीवर त्यांचं समाधान होणार नाही. त्यांना माफीच्या मापाचा गुन्हा पाहिजे.’

‘मग मोठा सुचवा.’

मी हसले आणि लगेच गप्प झाले, कारण ते हसत नव्हते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात पदराने हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘ह्यांनी आयुष्यात एक धड काम नाही केलं बघा. बाकीचे लोक काय काय करतात, वर बढत्या घेतात. आणि ह्यांना वेळेला एक लबाडी सापडेना.’ आणि डोळ्यांना पदर लावला.

ऋचा आतून आली. हातात फिजिक्सचं पुस्तक, केस पेन्सिलीने बांधलेले. ही मुलं इथेच वाढली, घरात मराठी ऐकतात आणि उत्तर इंग्रजीत देतात.

‘काकू, इज बाबा गिल्टी ऑर नॉट? आय जस्ट नीड टू नो व्हेअर आय ॲम रायटिंग माय बोर्ड्स.’

‘बाबांनी काहीही केलेलं नाही,’ मी म्हटलं.

‘देन व्हाय इज ही आस्किंग एव्हरीवन टू फर्गिव्ह हिम?’

अठराव्या वर्षी मलाही हा प्रश्न पडला असता. मी तिला म्हटलं, आपल्यात तसं म्हणतात. तिने बापाकडे बघितलं. भालेराव चिकटपट्टीवाल्या चेहऱ्याने खाली बघत होते. मुलगी आत गेली आणि मला त्या घरात बसवेना. त्या मुलीला बापाची लाज वाटली होती आणि बाप स्वच्छ होता. बू फहदची माफी खरी कुणाला लागली असेल तर ती तिला.

मी बू फहदना फोन केला. ते सबाह अल-सालेमला त्यांच्या दिवाणियात, म्हणजे मित्रांच्या बैठकीत, होते. मागे पत्त्यांचा आवाज. ‘मग माफी काढून घे,’ ते म्हणाले. मी म्हटलं, स्वीकारलेली माफी काढून घेता येत नाही, तिकडेही नाही. ‘वल्ला, फारच भक्कम चीज आहे ही,’ ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात मला चक्क अभिमान ऐकू आला.

समितीची शेवटची बैठक बुधवारी ठेवली, कारण गुरुवारी डॉ. नासेर उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला, निघणार होते. परत येईपर्यंत इकाम्याची मुदत टळली असती. भालेराव बाहेर खुर्चीवर बसून होते. मी सगळं पुन्हा मांडलं. गुन्हा नाही, तक्रार नाही, पुरावा नाही. आहे फक्त एक वाक्य.

‘तेच तर,’ हानी म्हणाले. ‘वाक्य त्याने स्वतः लिहिलंय.’

‘वाक्याला कारण असतं,’ डॉ. नासेर म्हणाले. ‘मी आल्यावर पुढे बघू. घाई नको.’

‘आल्यावर उशीर झालेला असेल, डॉक्टर. मुलीची परीक्षा आहे.’

‘मला वाईट वाटतं,’ ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत असावं. पण त्यांनी फाइल मिटली. बैठक संपली. मी मिनिट्सची वही ओढली आणि वेळ टाकायला लागले.

डॉ. नासेर उठले. अंगावर बिश्त, म्हणजे समारंभाचा झगा, नव्हता, रोजचा साधा पांढरा पायघोळ दिशदाशा होता. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि आम्हा दोघांकडे बघून, एरवीपेक्षा मऊ आवाजात, म्हणाले, ‘सामहूनी.’

हे मी इथे इतकी वर्षं ऐकत आले होते की मला ऐकू येणंच बंद झालं होतं. हजला किंवा उमऱ्याला निघणारा माणूस भेटेल त्याला हे म्हणतो. मला माफ करा. हातून काही घडलं असेल तर सोडून द्या. मग समोरचा माफ केलं म्हणतो आणि माणूस हलका होऊन विमानात बसतो.

‘माफ, डॉक्टर, माफ,’ हानी उठून हात पुढे करत म्हणाले. ‘या जगात माफ, पुढच्या जगात माफ.’

मी मान वर केली. पेन हातातच होतं.

‘डॉक्टर, हे मिनिट्समध्ये कसं लिहू?’

‘काय?’

‘समितीच्या अध्यक्षांनी माफी मागितली. उस्ताज हानींनी पूर्ण आणि बिनशर्त दिली, दोन्ही जगांपुरती. कशाबद्दल, ते लिहावं लागेल.’

हानींचा हात वाटेतच थांबला. डॉ. नासेर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता माझंही रिलीज आजच निघतं.

‘हे वेगळं आहे,’ ते म्हणाले.

‘कसं?’

‘हे प्रवासाला निघताना म्हणतात. सगळे म्हणतात. काही केलंय म्हणून नाही.’

‘मग कशासाठी?’

ते परत बसले. एवढा हुशार माणूस, पण या प्रश्नाला त्यांना वेळ लागला. काचेपलीकडे समुद्रावर धूळ पसरली होती, तिकडे बघत ते म्हणाले, ‘माणूस आयुष्यभर लोकांमध्ये वावरतो. कुणाला काय लागलं, सगळं थोडंच त्याला कळतं? म्हणून विचारून जायचं.’

‘बाहेर बसलेत त्यांचंही एवढंच म्हणणं आहे. फक्त त्यांनी ते ईमेलने पाठवलं.’

मग डॉ. नासेरनी फाइल स्वतःकडे ओढली, भालेरावांचा तो ईमेल पुन्हा वाचला. या वेळी, मला दिसत होतं, ते तो मनातल्या मनात अरबीत वाचत होते. त्यांचे ओठ हलले. ‘कळत-नकळत,’ ते म्हणाले. ‘अच्छा. हे नीट आहे. आमच्यापेक्षा नीट आहे.’ त्या क्षणी मला तो माणूस आवडला, हे सांगायला हरकत नाही.

‘मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो,’ हानी म्हणाले.

डॉ. नासेरनी भालेरावांना आत बोलावलं आणि उभं राहून त्यांनाही म्हणाले, ‘सामहूनी.’ भालेरावांना या शब्दाचा अर्थ पुरता माहीत होता. ते इतके घाबरले की ‘नो सर, नो सर, नॉट ॲट ऑल’ म्हणत मागे सरकले. माफी मागायची सवय असलेल्या माणसाला ती देता येत नाही. शेवटी मी मराठीत ओरडले, ‘अहो, माफ केलं म्हणा,’ तेव्हा त्यांनी ते मराठीतच म्हटलं.

रिलीज त्याच दुपारी निघालं. अडचण पत्राची होती. नव्या कंपनीला माफीचं कुणीतरी कळवलं होतं, बहुधा आमच्या मराठी ग्रुपवरच्या त्या फोटोनेच, आणि त्यांना खुलासा हवा होता. माफी रद्द होत नाही, आणि ती होती हे नाकारताही येत नाही. मी चार मसुदे केले. डॉक्टरांनी विमानतळावर जाता जाता एकावर सही केली: ‘चौकशीअंती असे आढळले की श्री. भालेराव यांच्या हातून माफ करण्याजोगे काहीही घडलेले नाही. तरीही दिलेली माफी कायम आहे.’ तिकडच्या एचआरच्या बाईंचा मला फोन आला. हे पत्र शिफारस आहे की तक्रार, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिफारस. त्या म्हणाल्या, मग आम्ही ठेवून घेतो, अशी शिफारस आजवर कुणाची आलेली नाही.

इकामा मुदतीत बदलला. ऋचाने सगळे पेपर कुवेतमध्ये दिले. पहिल्या पेपरला भालेराव तिला सोडायला गेले, तेव्हा गाडीतून उतरताना तिने बापाला काहीतरी म्हटलं. काय म्हटलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. फक्त, ती मराठीत बोलली, एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ नाक पुसत बसले.

या सगळ्यातून मी कायद्याचं एकच शिकले. माफी कुणाला भेट म्हणून देऊ नये. ती ठेवायला घरात कपाट लागत नाही, गुन्हा लागतो. आणि ज्याच्याकडे तो नसतो, त्याची फार पंचाईत होते.